'शांतपणे' हा शब्द

बुधवार, १२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

प्रभूच्या नावाने सलाम. तुझं पाकीट सोमवारी मिळालं. तिथल्या कॉलेजातल्या पोरांना शिकवण्यात जीव रमतोय हे वाचून बरं वाटलं.

इथे सगळं ठीक. माझा खोकला गेला, गुडघे मात्र ऐकत नाहीत. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडेच आहे. एक दिवसाआड जाऊन कुंड्यांना पाणी घालते. वहिनीसाठी आणलेला भाड्याचा पलंग एकदाचा नेला. दारात असा अडकला की दोन हमाल आणि मी, तिघांनी मिळून ढकलला. आता ती खोली उगीच मोठी वाटते. तुझे गरम कपडे उन्हात घालून ठेवलेत.

तर वहिनीवरचा तुझा लेख. मंडळीच्या मासिकाच्या छपाईला अजून अवधी आहे, म्हणून सवडीने लिहिते. 'निर्मळ' फार वेळा आलाय, एकच ठेवला. 'पुष्पासमान' काढला. वहिनीने काढलाच असता.

आठवतं ना? तू मंडळीपुढे बोलायचास ते प्रत्येक प्रवचन आधी तिच्या स्वयंपाकघरातून जायचं. एका हातात झारा, दुसऱ्या हातात पेन्सिल. "अहो, हे खरं आहे, की नुसतं छान आहे?" तू चिडायचास. "अगं, भाषेला थोडा साज नको का?" तर म्हणायची, "समोर माणसं आपापली दुखणी घेऊन बसलेली असतात. त्यांच्या हाताला लागेल असं लिहा." मी मासिक हातात घेतलं तेव्हा मलाही तिने बजावलं होतं, "चिमे, देवाच्या नावाने लिहितेस. खोटं छान लिहिलंस तर पाप दुप्पट."

एवढी लांबण का लावतेय, ते तुला कळलं असेल. लेख मी छापू शकत नाही.

शेवटी तू लिहिलंयस, 'आम्ही उशाशी प्रार्थना करत असताना ती शांतपणे प्रभूच्या कुशीत विसावली.' दादा, यातलं 'आम्ही' कोण? उशाशी मी होते आणि नर्सबाई होत्या. तू अधिवेशनात होतास.

आणि 'शांतपणे'. तो खोडून दुसरा घालून पाहिला. बसत नाही.

ती गेल्यावर फोनवर मी तुला म्हणाले होते, फार त्रास झाला नाही. तू विचारलंसच तसं, "फार त्रास नाही ना झाला?" असं विचारल्यावर माणूस दुसरं काय सांगणार?

झाला, दादा. हाडं आतून कुणी पिळतंय म्हणायची. कुशीवर वळवलं की ओरडायची. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन दाराशी उभी राहायची, आत यायचा तिला धीर व्हायचा नाही. इंजेक्शन दिलं की जरा डोळा लागायचा, पण पुढे पुढे तेही पुरेना. एका सकाळी मी तुझं ते दुःखावरचं पुस्तक काढलं. म्हटलं, तेवढाच तुझा आवाज तिच्या कानावर पडेल. एक पान ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "पुरे. ज्याला काही दुखत नव्हतं त्याने लिहिलंय हे." रागावून नाही म्हणाली. पूर्वी पेन्सिलने खूण करायची ना, तसं म्हणाली.

नंतर तिला ते स्तोत्र हवं असायचं, ज्याच्या शेवटीही उजाडत नाही. रोज तेच. मी म्हटलं, "वहिनी, एखादं आशेचं वाचू का?" तर म्हणाली, "हा लिहिणारा बिचारा खोटं बोलत नाही, आणि तरी देवाशीच बोलतोय. मला एवढं पुरतं."

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. ती गेली त्या दिवशी सकाळी मी तुला फोन केला होता. तू "निघतोच" म्हणालास. दुपारी तिने माझा हात तुझा समजून धरला. "आलात?" म्हणाली. नर्सबाईंनी मला कोपराने खुणावलं, हो म्हणा. माझ्याने म्हणवेना. मी म्हटलं, "वहिनी, मी चिमी. दादा निघालाय." तिने हात सोडला. मग जी ओरडायला लागली, ती श्वास थांबेपर्यंत.

मी चुकले का, मला कळत नाही. खरं बोलायला तुम्ही दोघांनीच शिकवलंत मला, आणि त्या खऱ्यापायीच तिचा हात सुटला.

तू आलास दुसऱ्या दिवशी, पेटी कबरस्तानात पोचल्यावर. तिथेही फार सुंदर बोललास.

लेख सोबत परत पाठवतेय. ते पान रिकामं ठेवलंय. तूच लिही.

तुझी
चिमी


सोमवार, १७ नोव्हेंबर

चिमे,

पत्र मिळालं. त्यानंतर वर्गावर गेलो नाही.

त्या सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी खोलीत होतो. बूट घालून, बॅग भरून पलंगावर बसलो होतो. गाडी मिळाली असती. फोनमध्ये मागून तिचा आवाज येत होता. त्या आवाजापुढे मी काय बोलणार होतो? दुःखावर एवढं लिहून ठेवलेल्या माणसाच्या तोंडून शब्द फुटला नसता, आणि ते तिने पाहिलं असतं. म्हणून उठलो नाही. संध्याकाळी माझं प्रवचन आहे, ते झाल्यावर निघेन, असं सगळ्यांना सांगितलं. प्रवचन दिलं. लोक रडले.

तू 'हो' म्हणाली नाहीस, ते बरं केलंस असं मी लिहिणार होतो. पण ते मला माहीत नाही.

पानावर हे छाप:

'माझी बायको वेदनेने ओरडत मेली. तिने मला हाक मारली. मी घाबरलो, म्हणून गेलो नाही. तिचा देवावर विश्वास होता.'

खाली माझं नाव घाल. मागे पाळक, पुढे पदव्या, काही नको. मंडळीचे वडीलजन हरकत घेतील. त्यांना माझ्याकडे पाठव.

प्रार्थना जमत नाही. गुडघे टेकले की सुंदर वाक्यं येतात, म्हणून उठतो. हे चार ओळींचं लिहिणं तेवढं जमलं. प्रार्थनेच्या जागी देवाने तेच धरावं.

दादा