बाबांच्या पेटीची गवसणी

बाई, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली असतील. गेल्या आठवड्यात शाळेच्या जुन्या मुलींच्या ग्रुपवर कुणीतरी तुमचा फोटो टाकला आणि दिवसभर नमस्कारांची रांग लागली. बाईंनी हाताला वळण लावलं, बाईंनी शाळेला शिलाई मशिनं मिळवून दिली. मी काही लिहिलं नाही. फोटोत तुम्ही स्टेजवर आहात, तारापूरकडच्या कुठल्याशा कारखान्याच्या साहेबांच्या हातात निळ्या कापडाची घडी देताय आणि हसताय. ती घडी माझी आहे, बाई. हा फोटो आला तेव्हा मी बोईसरला माझ्या दुकानात होते, समोर गिऱ्हाईक ब्लाउजचं माप द्यायला उभं होतं, आणि मला टेपवरचे आकडे दिसेनात. इतका राग अजून शिल्लक आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं.

नववीत होते मी. केळव्याला आमची पानवेलीची लहानशी वाडी, आणि बाबा गावच्या भजनात पेटी वाजवायचे. खाऱ्या हवेने पेटीच्या पट्ट्या चिकटायच्या, एखादा सूर मध्येच बसायचा, आणि तिच्यावर पांघरायला घरात होती एक जुनी लुंगी. मी म्हटलं, मी गवसणी शिवते. "पेटीला झबलं शिवतेस काय गो?" म्हणून बाबा हसले, पण माप घेताना स्वतः जवळ बसले. "कोपऱ्याला दुहेरी घाल, तिथंच फाटतं." आईने ठेवणीतलं निळं जाड कापड काढून दिलं, अस्तराला स्वतःच्या मऊ पातळाचा तुकडा दिला. तुमच्या शिवणाच्या तासाला मी तीच शिवायला घेतली. शाळेत मशीन नव्हतं, म्हणून सगळी हातशिलाई. दोन महिने मी शिवत होते. काठाला साखळी टाक्याने पानवेल काढली. एक बाजू तुम्ही तीनदा उसवायला लावलीत. "हे टाके आहेत की कोंबडीचे पाय?" मी उसवली आणि पुन्हा शिवली, कारण तुमचं बरोबर होतं. बाबा रोज विचारायचे, "कवा होते?" देवीच्या जत्रेला पेटी गवसणीतून न्यायची, हे त्यांनी मंडळात सांगूनही टाकलं होतं.

गवसणी पुरी झाली, तेव्हा शाळेच्या प्रदर्शनाला दोन दिवस ठेव म्हणालात, म्हणून ठेवली. मग मी मुलींच्या रांगेत बसले आहे आणि तुम्ही माइकवर म्हणताय, "साहेबांच्या घरी पेटी आहे असं कळलं, म्हणून आमच्या विद्यार्थिनींनी खास त्यांच्यासाठी ही भेट शिवली." टाळ्या वाजतात. माझ्या शेजारची मुलगीही वाजवते. साहेबांनी घडी उलगडलीसुद्धा नाही, तशीच शिपायाकडे दिली. कार्यक्रम संपल्यावर मी स्टेजमागे तुम्हाला गाठलं.

"बाई, ती माझ्या बाबांची आहे."

"हळू बोल. पाहुणे आहेत."

"पण मी बाबांसाठी..."

"दोरा कुणाचा? शाळेचा. शिकवलं कुणी? मग? बाबांना दुसरी शिव, तुला येतंय आता."

आणि तुम्ही चहाच्या ट्रेकडे वळलात. बाई, मला विचारलं असतंत तर कदाचित मी दिलीही असती, रडत का होईना. तुम्हाला विचारावंसं वाटलंच नाही, याचीच मला चीड आहे. कारखान्याच्या साहेबांना खूश करायला तुम्हाला माझ्या बापाची वस्तू सापडली. त्यांच्याकडून शाळेला मशिनं आली, खरं आहे. दहावीत मीही त्यांच्यावर बसले आणि त्याच शिलाईवर आज माझं घर चालतं. म्हणून मी तुमचे पाय धरावेत, असं ग्रुपवरच्या सगळ्यांना वाटतं. मला नाही वाटत.

त्या संध्याकाळी बाबांनी पेटी पुसून ओटीवर ठेवली होती. मी सांगितलं, "बिघडली. कापताना चुकलं, फेकून दिली." खरं सांगितलं असतं तर ते शाळेत आले असते, आणि तुम्ही त्यांना व्हरांड्यात उभं केलं असतंत. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. दुसरी कर सावकाश. घाई नाय." जत्रेला पेटी लुंगीत गुंडाळूनच गेली.

त्यानंतर बाबा अकरा वर्षं होते. त्या अकरा वर्षांत मी गावभरचे ब्लाउज शिवले, पडदे शिवले, देवीच्या पालखीची झालर शिवली. सुरुवातीला बाबा अधूनमधून विचारायचे, मग विचारेनासे झाले. पेटीचे वरचे दोन सूर कायमचे गेले, तेवढे सोडून ते वाजवत राहिले.

एवढं सगळं तुम्हाला सुनावायला बसले आणि हात इथे येऊन अडला. कापड होतं, वेळ होता, एका दुपारचं काम होतं. मी शिवली नाही, कारण शिवली असती तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं, दुसरी शिवली की झालं. माझा राग मला मोडायचा नव्हता. तो तुमच्यापर्यंत कधी पोचलाच नाही, बाई. बाबांना मात्र गवसणी मिळाली नाही, आणि ती मी दिली नाही.