गुरुवारी तुळशी हजर होती

विठ्ठलवाडी,
रविवार, दुपार

प्रिय निशा,

पत्र बघून आधी हसशील. मोबाइलवर रोज फुलांचे फोटो पाठवणारी ही बाई आज कागद कशाला खराब करते आहे, असं म्हणशील. फोन केला असता तर दुसऱ्याच वाक्याला तू मला अडवलं असतंस आणि मी अडले असते. मी कशी आहे ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? आमची पायल उद्या कॉलेजला अंबरनाथला येते आहे, तिच्या हाती हे देते. तिला यातलं काही माहीत नाही, चहा पाजून परत पाठव. आता वाईट बातमी आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं तुला कळत जाईल. आपली तुळशी गेली. देऊची तुळशी, तिसरीतली. दहा दिवस झाले. वीटभट्टीवर कच्च्या विटांची थप्पी तिच्या अंगावर कोसळली. आणि माझं हजेरीपत्रक म्हणतं की त्या वेळी ती माझ्यासमोर वर्गात बसली होती.

जूनमध्ये तुझी बदली झाल्यापासून तुझ्या जागी कुणी आलेलं नाही. पहिली ते चौथी, एकच खोली आणि मी एकटी. जांभूळ गाव सोडलं की पुढचा रस्ता तू होतीस तेव्हा होता तसाच आहे. स्कूटरवरून शाळेपर्यंत पोचले की कमरेचे टाके ढिले झालेले असतात. पण तू भिंतीवर रंगवलेलं आठवड्याचं वेळापत्रक मी मोडलेलं नाही. सोमवारी पाढ्यांची शर्यत, मंगळवारी मोठ्याने वाचन, बुधवारी परसबाग, गुरुवारी मातीकाम, शुक्रवारी गोष्ट, शनिवारी दप्तर घरी ठेवून नाच आणि खेळ. हजेरीचं झाडही आहे. मुलं आली की आपापलं पुठ्ठ्याचं पाखरू खालच्या खोक्यातून काढून फांदीवर लावतात. एकवीस पाखरं, बहुतेकांवर तुझ्याच हातची नावं. तुळशीचं पाखरू तू हिरवं केलं होतंस, कारण तिने हट्ट धरला होता. पोपट पाहिजे, चिमणी नको.

एकवीस पाखरांचं गुपित आपल्या दोघींचं, आणि खरं तर शाळेभोवतीच्या सगळ्या वाडीचं. दिवाळी झाली की सात पोरं आईबापांबरोबर भट्टीवर जातात, ती उन्हाळ्यातच परत येतात. मग उरतात चौदा. चौदाच्या पटावर शाळा ठेवणार कोण? ती बंद झाली तर पोरांना ओढा ओलांडून पाच किलोमीटर चालावं लागेल, आणि मुली तर पहिल्याच पावसात घरी बसतील. म्हणून सातांची हजेरी लावायची. मी या शाळेत नवीन आले तेव्हा घाबरले होते, तेव्हा तू मला म्हणाली होतीस, "शालन, हे खोटं नाही गं, ही जागा धरून ठेवणं आहे." मला ते पटलं होतं. आजही अर्धं पटतं, हाच माझा त्रास आहे. गेल्या वर्षी तुळशी दुसरीत तुझ्याकडे होती, तेव्हा तू तिची हजेरी लावलीस. या वर्षी मी लावली. आपण दोघी गोष्टींची पुस्तकं घेऊन त्याच भट्टीवर गेलो होतो, आठवतं? वांगणीच्या पुढे, नदीकाठी. तुळशीने हात परकराला पुसून पुस्तक घेतलं होतं. तेवढ्यावर आपण खूश होऊन परत आलो होतो, येताना बदलापूरला मिसळही खाल्ली होती. मला आता त्या मिसळीची लाज वाटते.

केंद्रावर पाठवायच्या साप्ताहिक नोंदींचं तुला माहीतच आहे. कुठल्या मुलाने काय केलं, काय छान जमलं, प्रत्येकाच्या नावापुढे एकेक वाक्य. शनिवारी फोटो पाठवण्यात दिवस जातो, म्हणून सोमवारीच आख्ख्या आठवड्याच्या नोंदी लिहून मोकळं व्हायचं. त्या सोमवारी मी डबा खाता खाता तुळशीच्या नावापुढे गुरुवारची नोंद लिहिली. 'मातीची चूल सुबक केली. हाताला वळण चांगले.' निळ्या शाईत, माझ्या सहीनिशी. ती चूल खोटी होती, पण वाक्य लिहिताना मला ती चूल दिसली होती, तिच्या बोटांच्या खुणांसकट.

गुरुवारी आम्ही खरंच मातीकाम करत होतो. पोरांना काय हवं ते करा म्हटलं, तर निम्म्यांनी विटा पाडल्या. मी रागावले, म्हटलं बैल करा, भांडी करा, विटा काय करता? एकच्या सुमारास खिचडीची वेळ झाली. जनाबाई पोरांना वाढत होती. जनाबाई म्हणजे देऊची बहीण, तुळशीची आत्या, तिची सोनू बालवाडीत असताना तू तिला पाहिलंस, ती आता पहिलीत आहे. तेवढ्यात मोटारसायकलवरून एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल. नाव नितीन म्हणाला. "मॅडम, तुळशी देऊ नावाची मुलगी इधर ही है ना? आज हजर आहे का?" कुठल्या खात्याचा, कुणी पाठवलं, मी काही विचारलं नाही. फाइलवाला माणूस दिसला की आपल्या तोंडातून जे आपोआप बाहेर पडतं तेच पडलं. हजर आहे की, आत्ताच ओढ्यावर हात धुवायला गेली. मी जनाबाईकडे पाहिलं. तिनेही पळी न थांबवता मान हलवली. "हाय की. आताच जेवली." त्याने कागद मागितला. पटपडताळणीचंच काहीतरी असेल, असं वाटून मी लेटरहेडवर लिहून दिलं की सदर विद्यार्थिनी आज रोजी शाळेत उपस्थित आहे. गोल शिक्का मारला. हजेरीपत्रकाचा आणि त्या चुलीच्या नोंदीचा त्याने मोबाइलवर फोटो काढला, मी पान सरळ धरून दिलं. निशा, तुळशीला जाऊन तेव्हा दोन तास झाले होते. तो भट्टीच्या शेठचा माणूस होता. भट्टीवर पोरीवरच्या विटा पुरत्या बाजूला झाल्या नसतील, तोवर तो माझ्याकडे आला होता.

संध्याकाळी शेठच्या टेम्पोने देऊच्या घरच्यांना तुळशीसकट वाडीत आणून सोडलं. पोर झाडावरून पडली म्हणून सांगायचं, असं बजावलं. देऊच्या अंगावर भट्टीची आगाऊ उचल आहे, तो काय बोलणार? शुक्रवारी पहाटे पुरलं तिला. मी नऊ वाजता नेहमीसारखी पोचले तर शाळेचं कुलूप तसंच, पडवीत एकही पोर नाही. मग टेकडीच्या बाजूने रडणं ऐकू आलं. जनाबाई मला बघून उठली आणि परत खाली बसली. आम्ही दोघींनी मिळून काय केलं होतं ते त्या क्षणी आम्हा दोघींनाच माहीत होतं. त्या दिवसापासून ती पोरांना वाढते, स्वतः घास घेत नाही.

देऊ घाबरट आहे असं आपण नेहमी म्हणायचो. पण सोमवारी तो एकटा चालत चौकीवर गेला. पोर भट्टीवर मेली म्हणाला. तिथल्या साहेबांनी शेठने आधीच पोचवलेला माझा कागद काढून त्याला वाचून दाखवला. गोल शिक्का त्याला ओळखू आला, तुळशीच्या प्रगतिपत्रकावर तोच असतो ना. मंगळवारी तो शाळेत आला. वाचनाचा तास चालू होता. आत ये म्हटलं तर आला नाही, पायरीवर बसून राहिला, मुलं सुटेपर्यंत. मग मला म्हणाला, "बाय, तुळशी तुज्याकडं साळंत व्हती, तं मंग मी पुरली ती कोन?" आवाज चढवला नाही त्याने. शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्याला खरंच उत्तर हवं होतं, आणि ते माझ्याकडे होतं, आणि मी त्याला पाणी आणून दिलं. इतकंच केलं मी, पाणी दिलं.

तू म्हणशील, त्याच दिवशी चौकीवर का गेली नाहीस. गेले असते गं. केंद्रप्रमुखांना आधी फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "बाई, गेलेलं लेकरू परत येणार आहे का? तुमची नोकरी जाईल, आणि सात खोटी नावं निघाली की शाळाही जाईल. राहिलेल्या चौदांचा विचार करा." शाळेच्या समितीचा भगवंतदादा तर माझ्या पाया पडायला वाकला. "बाय, साळा ऱ्हाऊं दे. देऊला आमी समजावतूं." वाईट माणूस नाही तो, त्याच्या दोन नाती माझ्याकडे शिकतात. पण देऊला समजावायला कुणी गेलं नाही. तुळशीची आई दारात बसलेली असते, मी स्कूटरवरून गेले की मान वळवते. चौकीतले साहेब म्हणतात, बाईंनी कागद खोटा आहे असं लेखी दिल्याशिवाय पुरलेलं प्रेत बाहेर काढून तपासायची परवानगी मागता येत नाही. म्हणजे माझा कागद तिच्या मातीवर धोंड्यासारखा ठेवलेला आहे. मी उचलेपर्यंत ती विटांखाली मेली हे कुठेच लिहिलं जाणार नाही. दिवस जातील तसं उकरून तरी काय सापडणार?

मी कदाचित अजूनही गप्प बसले असते. खरं सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं. मी एकोणीस वर्षं नोकरी केली आहे, पायलची दोन वर्षं राहिली आहेत, माझ्या डोक्यात हेच चालू होतं. बुधवारी शाळा सुटल्यावर मी झाडावरून तुळशीचं हिरवं पाखरू काढून खोक्यात तळाला ठेवलं. गुरुवारी सकाळी आले तर ते परत फांदीवर. मला वाटलं, मीच काढायला विसरले. पुन्हा काढलं. शुक्रवारी पुन्हा वर. मग मी दाराआड उभी राहून पाहिलं. सोनू आली, स्वतःचं पाखरू लावलं, मग खोक्यात हात घालून तळ ढवळला, टाचा उंच करून तुळशीचं लावलं. तिला जवळ घेतलं आणि विचारलं, असं का करतेस? तर म्हणाली, "तुमीच सांगितलं ना बाय. भट्टीवर गेल्याली पाखरा वर ठिवायची, नायतर साळा जाईल." आणि मग हळूच विचारलं, "मेल्याली पन ठिवायची ना?" सहा वर्षांची आहे ती. तिला अजून जोडाक्षर येत नाही. आपण तिला काय शिकवलं आहे ते बघ. वेळापत्रकात कुठल्याच वाराला लिहिलेलं नाही, पण सर्वांत पक्कं हेच शिकवलं गेलं आहे.

तर निशा, मंगळवारी अकरा वाजता मी चौकीवर जाऊन लेखी देणार आहे. जनाबाई माझ्याबरोबर येते आहे, अंगठा द्यायला. कालच्या शनिवारी मी मुलांसमोर सातही पाखरं खाली काढली आणि का काढली ते सांगितलं. पण माझ्या एकटीच्या शब्दावर काही उभं राहणार नाही. शेठ म्हणतो, देऊ माझ्याकडे कधी नव्हताच, आणि माझ्या भट्टीवर पोरं नसतात. नोकरीवर बेतलं की बाई काहीही बरळते, म्हणतील. गेल्या वर्षी भट्टीवर तू तुळशीचा फोटो काढला होतास. तिच्या हातात पुस्तक, शेजारी देऊ, मागे विटांची थप्पी आणि विटांवर उमटलेली शेठची अक्षरं. तो फोटो मागायला हे पत्र लिहिते आहे. मला माहीत आहे मी काय मागते आहे. त्या फोटोवर तारीख आहे, आणि त्याच तारखेला तुझ्या अक्षरात ती शाळेत हजर आहे. मी तुझं नाव घेणार नाही, पण फोटो दिलास तर घ्यायची गरजही उरणार नाही. तुझी आई अंथरुणाला खिळलेली, तुझी नोकरी एवढाच तिचा आधार, हे सगळं मला दिसतं आहे. नाही दिलास तरी मी मंगळवारी जाणारच, आणि तुझ्यावर रागही धरणार नाही, अगदी खरं. फक्त घाबरून तो फोटो पुसून टाकू नकोस. मी शाळेचे सगळे फोटो चाळले, सगळ्यांत ती कुणाच्या तरी डोक्यामागे आहे. तिच्या आईकडे तिचा एकही फोटो नाही.

तुझीच,
शालन