छत्रीला कुलूप होतंच

आदरणीय विहीणबाईंना मुलाच्या आईचा वाकून नमस्कार. (मुलाकडची असून आधी मी वाकले, याची नोंद असावी. फार नाही वाकले, कंबर परवानगी देत नाही.) तुमचा गुडघा काय म्हणतो, डाव्या कानाने ऐकू येणं पार बंद झालं की अजून सोयीपुरतं येतं, हे सविस्तर कळवावे. इकडे आम्ही सगळे ठीक. तुमची लेक दिवसभर दातांच्या डॉक्टरकडे बसून लोकांच्या कळा ऐकते आणि घरी येऊन माझ्या. हे पत्रही तीच लिहिते आहे, मी नुसती तोंड चालवते आहे, त्यामुळे तुमच्याबद्दल जे काही वाईट सांगायचं होतं ते पोटातच राहणार. फोन का नाही केला म्हणाल, तर मागच्या खेपेला मी फोनवर माझ्या मोतीबिंदूची सगळी कर्मकहाणी सांगितली आणि शेवटी तुम्ही म्हणालात, "वा वा, अभिनंदन!" तेव्हाच ठरवलं, पत्र बरं. कागदाला मोठ्याने ओरडून सांगावं लागत नाही.

आता अहो-जाहो पुरे. विहीण तू मागाहून झालीस, आधी तू माझ्या उजव्या हाताला बसणारी. बटणांच्या कारखान्यात, खालच्या खोलीत, बटणं निवडायच्या त्या लांब टेबलाशी आपली उमर गेली. समोर बटणांचा ढीग, त्यात बोटं फिरवायची, धड असेल ते डब्यात, चिरलेलं किंवा भोक चुकलेलं खाली टोपलीत. टोपलीत टाकताना म्हणायचं, "बाद." माझी टोपली तुझ्या आधी भरायची. तू म्हणायचीस, हिच्या तावडीत सापडलं तर उगवता चंद्रसुद्धा टोपलीत जाईल. ती खोड म्हातारपणी पुन्हा उफाळून आली, आणि तिने काय दिवे लावले ते सांगायला हे चऱ्हाट.

झालं असं, की कारखान्यातल्या जुन्या लोकांनी फोनवर एक ग्रुप काढला आहे. (तू त्यात नाहीस. तुझा फोन तू डब्यात घालून ठेवतेस, तो वाजला तर शेजारणीला कळतं.) संध्याकाळी मी वाटाणे सोलते, तुझी लेक पोस्टी वाचून दाखवते, मी उत्तर सांगते, ती टाईप करते. माझी अक्षरांशी कधी तोंडओळखही झाली नाही, हे तिथे कुणालाच ठाऊक नाही. उलट म्हणतात, आजी काय मोजकं आणि नेमकं लिहितात! मी कशाला सांगू? झाकली मूठ. कारखान्यात तरी कुठे कुणाला कळलं होतं, एक तू सोडून.

पहिले काही दिवस मी गुणी बाळासारखी ऐकत होते. मग लोकांच्या आठवणींना पंख फुटायला लागले. पॅकिंगमधल्या एका गृहस्थाने लिहिलं, की रंगखोलीला आग लागली तेव्हा त्याने एकट्याने जिवावर उदार होऊन ती विझवली. अगं, आग कसली, कचऱ्याची बादली धुमसत होती, आणि झाडूवाल्या मावशीने तिच्यावर उरलेला चहा ओतला होता. हा गृहस्थ तेव्हा जिन्यात उभा राहून "पाणी, पाणी" म्हणत होता, ते पाणीसुद्धा त्याला प्यायला हवं होतं. मी सांगितलं, लिही गं: "बाद. आग चहाने विझली." मग एका बाईने लिहिलं, की कारखान्यातला बटणांचा भुसा पाण्यात घालून प्यायला की गुडघे लोण्यासारखे होतात. त्या भुशाने आपली अख्खी खोली खोकत होती! बाद. मग कुणीतरी 'आपला कारखाना, सोनेरी दिवस' म्हणून एक फोटो टाकला, त्यावर लोकांनी हात काय जोडले, डोळे काय पुसले! तुझी लेक म्हणाली, आई, यातल्या बाईला एका हाताला सहा बोटं आहेत, हा यंत्राने बनवलेला फोटो आहे. मी म्हटलं, बोटं राहू दे, डोक्याला फडकं आहे का? नव्हतं. त्या धुरळ्यात उघड्या केसांनी हसत बसलेली बाई मी जन्मात पाहिली नाही. बाद.

झालं, माझी कीर्ती पसरली. कुणीही काही लिहिलं की खाली लोक विचारायचे, आजी, हे खरं का? पुरावा असल्याशिवाय आजी सोडणार नाहीत हं! तुला खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. सगळं आयुष्य टेबलाखाली टोपली भरण्यात गेलं, एकाने कधी शाबास म्हटलं नव्हतं, आणि आता पन्नास अंगठे एका 'बाद'ला. (तुझी लेक म्हणते पन्नास नाही, तीनशे. राहू दे पन्नास, दृष्ट लागेल.)

आणि मग ती पोस्ट आली. आपला फोरमन आठवतो ना? त्याला आपण जे म्हणायचो ते तुझी लेक लिहायला तयार नाही, म्हणून त्याचं दुसरं नावच घेते: कुलूप. चहाच्या कपाटाला कुलूप, साबणाला कुलूप, तोंडालाही कुलूप. छत्रीसुद्धा खिडकीच्या गजाला साखळीने बांधून वर कुलूप. हसला तर दात झिजतील म्हणून हसायचा नाही. आणि डब्यांचं आठवतं का? आधी डब्यांच्या झाकणांवर मापाचे आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या असायच्या. एका सकाळी आलो तर सगळ्या चिठ्ठ्या गायब, आणि प्रत्येक झाकणावर त्या त्या मापाचं एकेक बटण तारेने बांधलेलं. काही बोलला नाही, काही नाही. आपण किती हसलो होतो, की बघा, हा आपल्याला काय बालवाडीतली पोरं समजतो! आणि बांधलेली बटणंसुद्धा टोपलीतली, बाद झालेली. धड बटण खर्च करायचा जीव नाही. सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते.

तर पोस्टमध्ये या कुलपाचा फोटो, आणि खाली मजकूर: आमचे फोरमन देवमाणूस, एकदा भर पावसात एका कामगार बाईला त्यांनी आपली छत्री दिली आणि स्वतः भिजत घरी गेले. लिहिणाराचं नाव नव्हतं, नुसतं 'एक जुना कामगार'. मी वाटाणे बाजूला ठेवले. मजकुरात 'निवड विभाग' असं लिहिलं होतं. आपल्यातला कोण कधी 'विभाग' म्हणाला? आपण म्हणायचो 'खालची खोली'. म्हटलं, हा कामगारच नव्हे. आणि तोंडातून गेलं: "बाद. छत्रीला कुलूप होतं. आणि कामगार असाल तर नाव सांगा." बाई गं, जत्रा लोटली. ज्याला त्याला कुलपाची एकेक गोष्ट आठवली. कुणी साबणाची सांगितली, कुणी चहाची. ते पॅकिंगवाले अग्निवीर तर तीनदा येऊन हसून गेले. मीही हसत होते, वाटाणे खाली सांडले तरी हसत होते.

मग तुझी लेक वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, वाच की गं. तिने वाचलं. त्या 'जुन्या कामगारा'ने लिहिलं होतं: मी त्यांची मुलगी. बाबा मागच्या महिन्यात गेले. या ग्रुपवर त्यांच्याबद्दल कुणी काही चांगलं लिहिलंय का ते मी रोज बघत होते. कुणीच लिहिलं नव्हतं, म्हणून मीच लिहिलं. माफ करा.

बघ, चुकले मी कुठे? पोस्ट खोटी होती, नाव खोटं होतं, छत्री खोटी होती. माझं अक्षर न् अक्षर खरं होतं. (माझं म्हणजे तुझ्या लेकीचं.) पण आपल्या खोलीत बटण टोपलीत पडलं तर बटणाला काही होत नव्हतं गं. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला निरोप सांगितला, की पोरी, म्हातारीची जीभ सैल आहे, मनाला लावून घेऊ नकोस. तिचं उत्तर आलं: "नाही आजी, तुमचं बरोबर होतं. छत्रीला कुलूप होतंच. घरीही होतं. फक्त एखादी खरी गोष्ट आठवली तर सांगाल का? लहानशी चालेल."

तेव्हापासून मी आठवते आहे. डोळे मिटून टेबलाभोवती फिरून येते, जिना चढते, चहाच्या कपाटापाशी उभी राहते. कुलूपच दिसतं. ग्रुपवर विचारलं, तर लोकांना वाटलं मी चेष्टा करते आहे. एवढी वर्षं एक माणूस आपल्या पाठीमागे उभा होता, आणि त्याच्याबद्दल चमचाभर चांगलं निघू नये? का आपल्या बोटांना चांगलं चाचपायची सवयच नव्हती?

असो. सहज लिहिलं, काही काम नाही. तब्येतीला जप, गार पाण्यात हात घालू नकोस, आणि सुनेशी जुळवून घे. (माझी सून माझ्याशी जुळवून घेते, ती तुझीच लेक आहे, म्हणजे घरात गुण आहे. तुझ्याकडून आला असेल असं मात्र मी म्हणत नाही.) सगळ्यांना यथायोग्य.

तुझ्या डाव्या हाताची,
विहीण

ता. क. पत्र पाकिटात घालायचं राहिलं म्हणून बरं झालं. आज सकाळी औषध घ्यायला गेले तर माझ्या दोन बाटल्यांपैकी एकीच्या गळ्याला काळा दोरा गुंडाळलेला. तुझ्या लेकीला विचारलं, हे काय थेर? ती म्हणाली, काळा दोरा रात्रीच्या औषधाला, म्हणजे तुम्हाला रोज कुणाला विचारायला नको. आणि बाटली हातात घेऊन मी तिथेच खाली बसले. अगं, चिठ्ठ्या होत्या तेव्हा मी तुला रोज कुजबुजत विचारायचे ना, हा डबा कुठल्या मापाचा गं? एकदा मागे वळून बघितलं तर कुलूप उभं होतं. बटणं बांधलेली दिसली ती त्यानंतरच. मला वाटायचं माझं गुपित एका तुलाच ठाऊक आहे. त्यालाही होतं, आणि त्याने ते कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. मला कामावरून काढलं नाही, मला मान खाली घालायला लावली नाही, अख्ख्या खोलीकडून स्वतःला हसवून घेतलं. मी बसले खिदळत.

ता. क. दुसरा. तर खरं काम आता सांगते. हे ग्रुपवर सांगायचं तर आधी सांगावं लागेल, की आजींना वाचता येत नाही. अग्निवीर येतील, नाचतील. येऊ देत. मुठीत एवढी वर्षं दुसरं काय ठेवलं होतं मी? पण पुरावा नसेल तर 'बाद' म्हणायची सवय लोकांना मीच लावून ठेवली आहे. कालपर्यंत त्याला हसणारी म्हातारी आज गोडवे गायला लागली, तर मीसुद्धा मानलं नसतं. म्हणून तुझ्याकडचा तो बटणांचा डबा हवा. फोन ज्यात ठेवतेस तोच. कारखाना सुटला त्या दिवशी माझ्या हातातून 'मला दे, माझ्याकडे दोरे आहेत' म्हणून घेतलास तो. (दोरे माझ्याकडेही होते. विसरले नाही मी.) फोन बाहेर काढ, मुलाला झाकणाचा जवळून फोटो काढायला लाव आणि पाठव. डबा तुझ्याकडेच असू दे.

ता. क. तिसरा. फोटो काढण्याआधी झाकणावरचं बटण बोटाने चाचपून बघ. कुठेतरी चिरलेलं असायला हवं. चीर फोटोत नीट दिसू दे. बटण धड दिसलं तर ते त्याने बांधलं होतं यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, त्याच्या मुलीचा तर नाहीच नाही.