गार्डाचा डबा

अण्णा, तुमची धाकटी लेक साठी ओलांडल्यावर आगगाड्या गोळा करतेय. हसू नका. खऱ्या नव्हेत, खेळण्यातल्या, बोटबोटभर डब्यांच्या, जुन्या विलायती बनावटीच्या. पत्र्याचे डबे, मालाच्या वाघिणी, चाकं अजून गरगर फिरतात. बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर रूळ मांडलेत. तुमचे जावई म्हणतात, "लोकांच्या बायका सोनं मागतात, आमची मालगाडी मागते." मागते तर मागते! छोट्या लाइनीवरच्या गार्डाची पोर आहे मी.

पण माझ्या गाडीला मागं गार्डाचा डबाच नव्हता, आणि तो मिळेपर्यंत मला चैन नव्हतं. का, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. स्टेशनजवळच्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात तुम्ही उभ्या उभ्या भाकरी खाताय, पांढरा कोट दारामागच्या खिळ्याला, आणि मी त्या कोटाची बाही धरून म्हणतेय, "अण्णा, एकदाच तुमच्या डब्यात बसवून मनमाडला न्या ना." तुम्ही घास गिळून म्हणता, "तो सरकारचा डबा हाय बाई, तुझ्या बापाचा नाय." दोन्ही दादांना मात्र गुपचूप लासूरपर्यंत नेलंत की हो! मला कळणार नाही, असं वाटलं का? मी फुगून बसले, जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही लासूरहून पेरू आणलेत. पेरू खाल्ले मी. राग तसाच राहिला.

तर इथल्याच शहागंज बाजारातल्या एका घड्याळवाल्या चाचांकडं असा डबा असल्याचं कळलं. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या काळात हैदराबादेहून आणलेला. धावत गेले, तर चाचा म्हणाले, "गाडी बिकती बाजी, गार्ड नै बिकता." ताई म्हणून गोडीनं नकार दिला, पण मी कसली ऐकते! दर आठवड्याला फोन. एकदा तो त्यांच्या सुनेनं उचलला. मी घाईत बोलून गेले, "चाचांना सांग, गार्डाच्या डब्याचं तेवढं बघा, मी वाट पाहतेय." संध्याकाळी रिक्षावाला दारात, हातात तीन पुडांचा जेवणाचा डबा, आत गरमागरम नान आणि मटणाचा खलिया! सुनेला वाटलं, आमच्याकडं कुणी गार्डसाहेब उपाशी बसलेत. हसून हसून माझी मुरकुंडी वळली. खलिया मात्र असा लई भारी, की तुमच्या जावयांनी बोटं चाटली.

आता कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आईची शिस्त. मी पुरणपोळ्या भरून पाठवल्या. त्यांच्या घरातही तीच रीत निघाली. डबा शीरखुर्मा घेऊन आला. मग इकडून धपाटे गेले, तिकडून शामी कबाब आले. कित्येक महिने तो डबा दोन घरांमध्ये पॅसेंजरसारखा फेऱ्या मारत होता, आणि एवढं खाऊन वर गार्डाचं नाव काढायची मलाच लाज वाटू लागली. फोन बंद केले. मनाला समजावलं, नाही नशिबात तर नाही.

परवा डबा आला तो हलकाच. उघडते तर वरची दोन्ही पुडं रिकामी, आणि तळाच्या पुडात मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेला तो! तपकिरी रंग, मागं इवलासा व्हरांडा, दिव्याची जागासुद्धा. लगेच चाचांना फोन लावला. म्हणाले, "बहू मैके गई बाजी, घर में कुछ पक्याइच नै. खाली डब्बा कैसा भेजूं?" मी रडले अण्णा, हसता हसता रडले.

आता गाडी पुरी झाली. गार्डाच्या डब्याला काचेची खिडकी आहे, आत बाक आहे. त्या खिडकीत लावायला तुमचा टोपीतला फोटो अगदी बारीक करून आणला, कात्री घेतली, गोंद घेतला. हे पत्र कुठल्याच टपालानं तुमच्यापर्यंत जायचं नाही, म्हणून धीर करून सांगते. खिडकीत फोटो बसवला, पण तुमचा नाही. दोन वेण्यांतला, माझा शाळेतला. तुम्ही थांबा जरा फलाटावर, अण्णा. मी मनमाडला जाऊन येते.