घरात माणसं किती

प्रिय दादा,

कारखान्याच्या पत्त्यावर माझं पत्र बघून तू घाबरला असशील, म्हणून आधी हेच लिहिते की घरी सगळे बरे आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण तो बाबांसारखाच, कुरकुरत का होईना कामावर जातो. पत्र तुझ्या खोलीवर पाठवलं असतं तर वहिनीने आधी उघडलं असतं आणि तुला वाचून दाखवताना मधली दोन-चार वाक्यं गिळली असती. वाईट हेतूने नाही, तुला त्रास नको म्हणून. तेव्हा तू स्वतःच वाच. हळू वाचलंस तरी चालेल, मी अक्षर मुद्दाम सुटं काढलं आहे. फोनवर का नाही बोललीस, असं विचारू नकोस. आपल्याकडे फोन म्हणजे आई कानाला कान लावून उभी आणि बाबा मागून ‘त्याला विचार, पिल्लूला दात आले का’ म्हणून ओरडताहेत. त्यात काय बोलणार!

तू विचारलं होतंस की बंदराच्या नव्या धक्क्यावर क्रेन दुरुस्तीला माणसं घेताहेत, पगार तिथल्यापेक्षा बराच जास्त आहे, तर राजीनामा देऊन घरी परतू का. ‘तू त्या खात्यात आहेस, मोजपट्टी, तुला खरं ते माहीत असणार. गोड बोलू नकोस,’ असंही म्हणालास. राजीनामा दिला की कंपनीने दिलेली खोलीही सोडावी लागेल, आणि पुन्हा ती मिळणार नाही, हे तू बोलला नाहीस. पण मला ते माहीत आहे, आणि म्हणूनच उत्तर द्यायला एवढा वेळ लावला. तुला चुकीचं काही सांगितलं आणि तुम्ही तिघं बोचकी घेऊन रस्त्यावर आलात, असं मला सारखं दिसत होतं.

खातं म्हणतोस, पण माझी नोकरी अजून कंत्राटीच आहे. पालिकेकडून घरोघर जायचं आणि विचारायचं, भाडं किती, कमावणारे किती, माणसं किती. चपलांचे तळ झिजतात, बाकी काम बरं आहे. लोक दार उघडतात, कारण मी काही विकत नाही. परवा एका खोलीत पोहोचले तर एकच खाट आणि भाडेकरू दोन. एक रात्री गोदामावर पहारा देतो, दुसरा दिवसा बेकरीत पीठ मळतो. एक उठला की दुसरा झोपतो. बेकरीवाला मला म्हणाला, ‘ताई, आमची अजून नीट ओळख नाही झाली, पण भांडण झालंय. तो डोक्याला तेल फार लावतो.’ आपल्या शाळेच्या मागे नवी इमारत झाली आहे, तिच्या पाटीवर लिहिलंय ‘प्रत्येक घरातून समुद्र’. तिथल्या एका बाईंना विचारलं, कुठून दिसतो हो? त्या म्हणाल्या, ‘ओट्यावर चढा आणि मान डावीकडे मोडा.’ आपला न्हावी आता दुकानावरच्या माळ्यावर राहत नाही. तो माळा पर्यटकांना देतात. तो बसने येतो, दोन गावं सोडून, आणि केस कापताना डुलक्या घेतो, म्हणून बाबा हल्ली डोळे उघडे ठेवून हजामत करून घेतात.

सगळ्यात अवघड प्रश्न मात्र भाड्याचा नाही, माणसांचा. नियम असा आहे की महिन्यातल्या बहुतेक रात्री जो त्या घरात झोपतो, तोच त्या घरातला. आणि बायका काय करतात, बाहेरगावी नोकरीला असलेला मुलगा धरतात, बोटीवर गेलेला नवरा धरतात. मी समजावून सांगते की मावशी, असं धरलं तर आकडा चुकेल. त्या बरं म्हणतात आणि माझ्याकडे अशा बघतात की जणू मी त्यांचं ताट उचललं. पण मी ते माणूस वगळते. नियम सगळ्यांना सारखा.

आता मुद्द्याचं. मालकीणबाई दरवर्षी करार संपत आला की वरून खाली येतात, चहात बिस्किट बुडवतात आणि आईला विचारतात, ‘काय गं, गल्लीत हल्ली काय घेताहेत?’ आई जरा आठवल्यासारखं करून एक आकडा सांगते. मालकीणबाई म्हणतात, ‘हो का? मग आपण त्यावर थोडंसं,’ आणि दुसरं बिस्किट घेतात. एवढ्यावर आपण इतकी वर्षं या घरात राहिलो. आईचा आकडा कमी असतो हे आईला ठाऊक, मालकीणबाईंना ठाऊक, तुलाही ठाऊक असणार. मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं, दादा. मी तो प्रश्न खरा समजत होते.

यंदा त्या कौतुकाने माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, ‘आता तुझ्या आईला कशाला त्रास? घरात अधिकारी आहे. तू सांग, तू काही खोटं सांगायची नाहीस.’ आईने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं, चुकून लागला, म्हणून मी पाय मागे घेतला आणि आकडा सांगितला. वर हेही सांगितलं की हा मधला आहे, काहीजण याहून जास्त देतात. कोणाचं नाव घेतलं नाही. तो आकडा तसाही पालिकेच्या फलकावर लागणारच होता. मालकीणबाईंचं बिस्किट चहात पडलं. ‘एवढं?’ म्हणाल्या, आणि दुसरं न घेता वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचे जावई आले. म्हणाले, ‘काकू, राग मानू नका. आकडा तुमच्याच लेकीचा आहे, मी माझं त्यात काही घातलं नाही.’ भाडं दीडपट झालं. त्यांनाही दोष देता येत नाही, वरचं छप्पर गळतं आणि मालकीणबाईंना दुसरी मिळकत नाही. ते गेल्यावर बाबा हसत सुटले. ‘दोन्ही पोरांच्या वाटचं शिक्षण एकटीला दिलं, ते वाया गेलं नाही बघ. अख्खी गल्ली पाठ आहे हिला.’ आई हसली नाही. ती आठवडाभर माझ्याशी नळाच्या आडून बोलत होती. ‘ज्याला पाणी हवं असेल त्याने भरून घ्यावं,’ असं. पुन्हा कोणी विचारलं तर काय सांगेन, याचा मी खूप विचार केला. अजून ठरत नाही.

वाढलेलं भाडं बाबांच्या पगारातून आणि माझ्या कंत्राटातून निघत नाही. म्हणून मागची खोली भाड्याने दिली आहे. तुझी खोली. नव्या दवाखान्यातली एक नर्स राहते. मुलगी चांगली आहे, पाय न वाजवता चालते. तुझ्या खाटेवर झोपते. खाटेखालची तुझी हत्यारांची पेटी हलवू का, असं तिने विचारलं, तर आई म्हणाली, ‘ती तिथेच राहील.’ आता नर्स तिच्यावर बूट ठेवते. आई तुला फोनवर सांगते ना, ‘तुझी खोली रोज झाडते’, ते खोटं नाही. नर्स कामावर गेली की झाडते.

धक्क्याच्या भरतीच्या कचेरीत मी स्वतः जाऊन आले. पगार सांगतात तेवढाच आहे, पण पहिलं वर्ष ठेकेदारामार्फत, आणि राहायची सोय आपली आपण. तुम्हा तिघांना एक खोली आणि मोरी घ्यायची म्हटली, तर भाडं देऊन हातात उरेल ते आता उरतं त्याच्यापेक्षा कमी. मी वेगवेगळ्या गल्ल्या धरून पाहिलं, मोठ्या आशेने पाहिलं. पगार वाढले हे खरं आहे. भाडी त्यांच्या फार पुढे गेली.

रविवारी बाबा तुला फोन करणार आहेत आणि ‘ये’ म्हणणार आहेत. त्यांचं आणि आईचं ठरलं आहे की खोलीचं तू आल्यावर सांगायचं. मग ते दोघं स्वयंपाकघरात झोपणार, मी बाहेरच्या पडवीत, आणि तुम्हाला पुढची खोली. मलाही बजावलं आहे की बोलायचं नाही. तो फोन येण्याआधी हे तुझ्या हातात पडावं, एवढ्यासाठी लिहिलं. राजीनामा देऊ नकोस, दादा. अजून नको. तू विचारलंस म्हणून सांगते, आणि हे सांगताना मला काय वाटतं ते तू विचारलं नाहीस ते बरंच झालं. फक्त एक सांगते. गेल्या आठवड्यात आपल्या घराची पाळी होती. स्वतःच्या घरी मोजणीला जायची आम्हाला मनाई, म्हणून माझी कामातली जोडीदारीण आली. मी आत भांडी विसळत होते, दार उघडंच होतं. तिने विचारलं, घरात माणसं किती? आई म्हणाली, ‘सहा.’ मग बोटांवर मोजली, ती दोघं, मी, तू, वहिनी आणि पिल्लू. जोडीदारीण म्हणाली, आणि मागच्या खोलीत कोण असतं? ‘ती होय? ती पाहुणी आहे, ती जाईल.’ जोडीदारणीने माझ्याकडे बघितलं. तिला नियम माहीत आहे, आणि मी तो कसा पाळते हेही. मी नळ मोठा सोडला आणि भांडी विसळत राहिले. तिने सहा लिहिलं.

तुझीच,
मोजपट्टी