मांजरीहून आलेला डबा

प्रिय नीरजा,

काल तू वरणभात खाल्लास, असं भावजींनी सांगितलं. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं. डॉक्टर म्हणतात, आणखी एक मात्रा दिली नाही तर जुलाब उलटतील आणि या खेपेला तू तगणार नाहीस. म्हणून लिहायला बसले.

तुझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण मांजरी गावातल्या आपल्या सासरच्या घरी तू पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलंच प्यालीस. मी गोठ्यातून आले की तुझ्या नाकाला रुमाल. तुझ्या लेकाच्या उष्टावणाला मी कौतुकाने घास भरवायला गेले, तर चारचौघांत म्हणालीस, वहिनी, नको, तुमच्या हाताला जंतू असतील. सगळे हसले. मी तो घास ताटात ठेवला आणि न जेवता घरी आले. अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

मग तुझी दाढ दुखली. स्वतःच्या मनाने अँटिबायोटिकचे तीन कोर्स केलेस. पोटातले चांगले जंतू मेले, वाईट माजले. दिवसाला वीस वेळा संडास, वजन एकेचाळीस. डॉक्टर म्हणाले, निरोगी माणसाचे जंतू हिच्या आतड्यात सोडावे लागतील, दुधाला विरजण लावावं तसे. भावजी, तुझी बहीण, भाऊ, सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. कुणाला मधुमेह, कुणाला गोळ्या चालू. पास झाले मी एकटी.

भावजींचा फोन आला, वहिनी, उद्या सकाळी डबा लागेल. मी खुळी, पिठलं-भाकरी घेऊन दवाखान्यात हजर. नर्स पोट धरून हसली आणि तिने झाकणाचा वेगळाच डबा माझ्या हातात देऊन संडासाकडे बोट दाखवलं. भाकरी तू न उघडता परत पाठवलीस. दुसऱ्या डब्यातलं मात्र नळीने मुकाट आत घेतलंस.

दाता अनोळखी आहे, असं तुला सांगितलंय. भावजींनी मला शपथ घातली होती, ती आज मोडली. तुझ्या पोटात आता गोठ्यातल्या बाईचे जंतू नांदतायत आणि त्यांच्याच जिवावर तू जगतेयस. सोमवारी दुसरी मात्रा. मी देईन. पण भावजींचा फोन मी उचलणार नाही. फोन तू करायचास. आणि सॅम्पल-बिंपल म्हणायचं नाही. वहिनीचं काय हवंय, ते तुझ्या शुद्ध पुणेरी मराठीत, नाव घेऊन मागायचंस.

आता अगदी पोटातून तुझीच,
शालू