कर्जासाठी शिवलेला कावळा

११ फेब्रुवारी १९७३

म्हणे "तुला घर घेऊ देतो"! देतो म्हणे! नोकरी माझी, पगार माझा, आणि परवानगी ह्यांची!

सोसायटीचे सेक्रेटरी दत्तोपंत सकाळी येऊन स्पष्ट सांगून गेले — सरकारी योजनेतलं घरकर्ज कायम नोकरीवाल्यालाच. हे छापखान्यात रोजंदारीवर, मी शाळेत कायम. तेव्हा कर्ज माझ्या नावावर, घर माझ्या नावावर, आणि फिटेपर्यंत ते सरकारकडं गहाण. शिवाय मी मेले तर सरकार बुडू नये म्हणून माझ्या जिवाचा विमा! मार्चअखेर कागद पुरे झाले नाहीत तर मंजुरी रद्द. पुन्हा योजना कधी येईल, देव जाणे.

सासूबाई आतून — "म्हणजे माझा मुलगा बायकोच्या घरात भाडेकरू?"

आत्ता कुणाच्या घरात आहे तो? अख्ख्या चाळीला एक संडास, आणि दुष्काळ म्हणून मालकीण आमच्या बादल्यांवर पहारा ठेवते!

१३ फेब्रुवारी

ह्यांचा अबोला. मी भाकरी थापताना परात मुद्दाम आपटली.

१७ फेब्रुवारी

ह्यांनी संमतीच्या कागदावर सही केली एकदाची! तोंड असं, जसं एरंडेल पाजलंय. "उद्या मला बाहेर काढशील," म्हणाले. म्हटलं, "आजच काढलं असतं, पण घर अजून बांधायचंय." बोलायला नको होतं. बोलले, आणि बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

विम्याचा कागद आला. बायकांसाठी वेगळे प्रश्न. शेवटची पाळी कधी? गरोदर आहात का? असल्यास विमा बाळंतपणानंतर.

मला दिवस गेलेत. कुणालाच सांगितलेलं नाही. लेक माला दहा वर्षांची झाली, आणि आता हे! एरवी हरखले असते. आज नुसता संताप होतोय — ह्यांचा, सरकारचा, माझ्या पोटाचासुद्धा. पुरुषांना विचारतात का असलं काही?

बाळंतपणापर्यंत थांबले तर घर गेलं.

२१ फेब्रुवारी

अंबिकावहिनी — दत्तोपंतांची बायको. आमची भिंतीला भिंत. चाळीतली कुठली बाई कधी बाहेर बसली, हिला तोंडपाठ. नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "काय हो दमयंतीबाई, या खेपेला बसला नाहीत ते?" भवानी कुठली! विम्याच्या कागदावर ओळखीचा माणूस म्हणून हिच्या नवऱ्याचीच सही लागते. तारीख मी खोटी लिहीन, पण हिच्या तोंडाला झाकण कुठून आणू?

२२ फेब्रुवारी

आणलं! सकाळी उठले आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडले — "कावळा शिवला!" घोंगडी घेतली आणि ओसरीच्या कोपऱ्यात बसले, अंबिकावहिनींना नीट दिसेन अशी. देवाची माफी मागितली. नाही केलंस माफ तरी चालेल, म्हटलं, पण घर होऊ दे.

२३ फेब्रुवारी

शाळेत पोरांना शिकवायचं आणि घरी आलं की कुणाला शिवायचं नाही. सासूबाई चुलीशी धुसफुसतायत. "नेमके माझे गुडघे धरलेत, तेव्हाच हिचं!" ताट लांबून सरकवलं. भात करपलेला. वासानं उमासा आला, पदर तोंडात कोंबून बसले. त्या बघत होत्या. "करपलाय," म्हटलं. "मग राहा उपाशी!"

या म्हातारीला माझं काही बरं झालेलं बघवत नाही. कधीच बघवलं नाही.

२ मार्च

विम्याच्या डॉक्टरांनी तारीख विचारली. धडधडीत खोटी सांगितली. त्यांनी लिहून घेतली. दत्तोपंतांनीही मुकाट सही केली. बायकोला विचारल्याशिवाय करणारा माणूस नव्हे तो.

१९ मार्च

विमा पास! माझा जीव सरकारला चालतो म्हणायचा!

२८ मार्च

गहाणखत झालं. कचेरीतल्या कारकुनानं नाव पुकारलं आणि बघितलं ह्यांच्याकडं. ह्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, तेही नाखुशीनं. मी सही केली. घरी येऊन न्हाणीत भडाभडा ओकले.

२९ मार्च

सासूबाईंनी चिंचेची वाटी पुढ्यात आदळली. "खा आता उघड उघड. अगं, बाहेर बसलीस आणि मागच्या दोरीवर वाळत एक फडकं नाही? त्या अंबिकेला डोळे नाहीत होय? मीच माझं जुनं पातळ फाडून, धुऊन वाळत घातलं."

मी विचारलं, "का?"

"माझ्या नावावर काय आहे गं? सात बाळंतपणं."